फळीवरच्या काचपट्ट्या

४ ऑक्टोबर, सोमवार

आधी सगळ्यांच्या तब्येती. चिरंजीवांची कंबर — बरी. वाकताना ‘आई गं’ म्हणतो, आणि मी जवळ असले की जरा मोठ्याने म्हणतो. सूनबाई — पाचवा महिना, ओकाऱ्या थांबल्या, पाय थोडे सुजतात. डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी चालायला सांगितलंय, ती चालते. माझा धाकटा भाऊ — खोकला तोच, सिगारेट तीच. थोरली — रेडिएटर गळतोय. धाकटी — क्लच कडक, बाकी ठणठणीत. थोरली आणि धाकटी म्हणजे आपल्या दोन जुन्या जीप. त्यांचीही चौकशी इथेच व्हायला हवी, उद्या घर त्याच चालवणार आहेत! मी — गुडघे सोडले तर सगळी शाबूत.

तर ठरलं एकदाचं. लोकांना जीपमध्ये बसवून बंद पडलेल्या खाणीच्या डोंगरातून फिरवायचं, जिथे रस्ता म्हणावा असा रस्ता नाही तिथून. पुढे थोरली — मुलगा चालवणार आणि माहिती सांगणार. मागे धाकटी — मी. मागची गाडी म्हणजे शेपूट. कोण मागे राहिलं, कोण घसरलं, कुणाचं पोट ढवळलं, सगळं शेपटाने बघायचं. पंचवीस वर्षं मी या खाणीवर पाण्याचा टँकर चालवला. कुणी शिकवलं नाही, यांचं बघून बघून शिकले. वळण न् वळण ओळखीचं आहे.

अडचण एकच. फळी. डोंगराच्या कुशीत कोरलेला अर्ध्या मैलाचा रस्ता, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथूनच तर सगळा देखावा दिसतो, आणि बरोबर खाली, झाडीत, जेवणाचा तळ टाकायचाय. पण फळीच्या कडेला कातळात भेग पडलीय. लांब, बारीक. नाण्याची कड जाणार नाही एवढी. माझ्या वेळी नव्हती.

मी साफ सांगितलं — भेग हलत नाही हे कळेपर्यंत फळीवर माणसं न्यायची नाहीत.

मुलगा म्हणाला, “आणि कळणार कधी, आई? बोटीचं पत्र आलंय. महिनाअखेरीला हजर व्हा, नाहीतर जागा गेली.”

सात वर्षं बोटीवर काढली त्याने. बाळ फोनवर बघायचं नाही म्हणतो. सूनबाई ताट घेऊन उठली.


५ ऑक्टोबर

भाऊ आला. तो जन्माचा गवंडी. ताठ चालतो म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणतात. त्याने तोड काढली. भिंतीला तडा गेला की गवंडी तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवतात, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा. तडा केसभर जरी सरकला तरी काच तटकन मोडते. काच लाडीगोडीला भुलत नाही, म्हणाला.

तीन पट्ट्या बसवल्या — वळणावर, मध्ये, आणि शेवटाला. ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरली. एकवीस दिवस तिन्ही शाबूत राहिल्या तर मी हो म्हणणार. मुलाने माझ्या हातावर हात मारून कबूल केलं.


६ ऑक्टोबर

मधली मोडली.

प्लास्टर ओलं असताना माझाच हात लागला असणार. पुन्हा बसवली. आजचा दिवस काही धरत नाही.


८ ऑक्टोबर

तिन्ही शाबूत.

आज चिरंजीवांनी स्वयंपाकघरात माहितीची तालीम केली. हातात लाटणं धरून म्हणतो, “मंडळी, आता डावीकडे पाहा!” आम्ही सगळ्यांनी उजवीकडे पाहिलं. ओळंबा म्हणाला, “मंडळी अशीच असतात बाबा, सवय कर.” सूनबाई इतकी हसली की पोट धरून बसली, आणि मग बाळ हललं म्हणाली — पहिल्यांदा! मुलगा लाटणं टाकून धावला.

हा मुलगा परत बोटीवर गेला तर हे घर कसं होईल, त्याचा विचार करायचा नाही.


११ ऑक्टोबर

चाचणी. फळी सोडून बाकीचा सगळा रस्ता दोन्ही गाड्यांनी केला. वाळूच्या ओढ्यात टायरमधली हवा कमी केली, पलीकडे पुन्हा भरली. थोरलीने चढावर रेडिएटर उकळवला. वॉकीटॉकीवर मुलगा ओरडतोय, “शेपूट, शेपूट, ऐकतेस का?” मी म्हटलं, शेपटाला आई म्हणायचं.

फळीच्या तोंडाशी थांबलो. पायी पुढे गेले. काचा शाबूत. पण कठड्याचा एक खांब बाहेरच्या बाजूला झुकलाय. गेल्या आठवड्यात झुकला होता का? आठवत नाही. जी वाट तळहातासारखी ओळखते म्हणते, तीच आठवत नाही!


१४ ऑक्टोबर

फळीखालच्या झऱ्याला पाणी नाही. पंचवीस वर्षं मी तिथून टँकर भरला, एकदाही आटला नाही. आणि आज खाली तळाच्या जागी, कोरड्या मातीतून, पाणी वर येतंय. गढूळ.

ओळंब्याला दाखवलं. तो उकिडवा बसला, ओली माती चिमटीत चोळून बघितली. “पाणी वाट बदलतं कधीकधी, ताई.”

“म्हणजे आत काय झालं असेल?”

“मी भिंतींचा माणूस. डोंगराचं मला विचारू नकोस.” मग उठताना म्हणाला, “काच काय म्हणते?”

काच म्हणते सगळं ठीक आहे.


१७ ऑक्टोबर

तिन्ही शाबूत. दिवस बारावा.


१९ ऑक्टोबर

पहिली मंडळी ठरली! शनिवारी ३० तारखेला, सहा जण. त्यात एक आजी आहेत, ब्याऐंशीच्या. त्यांच्या नातीने फोनवर विचारलं, आजीला झेपेल ना? मुलगा म्हणाला, “अहो, आमची शेपटाची गाडीसुद्धा आजीच चालवते.” मी बाजूलाच होते. हसले. आणि कॅलेंडरवर पट्ट्यांचे दिवस पुन्हा मोजले.

ओळंबा खाली तळावर राहायला गेला. तंबू, चुली, पाण्याची पिंपं लावायची, जागा सपाट करायची. खाली फोनला रेंज नाही. तळापलीकडच्या मोठ्या दगडावर चढलं तर कधीमधी येते. म्हणून एक वॉकीटॉकी त्याला दिला. रात्री खोकला आवर म्हटलं, तर म्हणतो, “ऐकायला कोण आहे तिथे?”


२२ ऑक्टोबर

सकाळी फळीवर दगड पडलेले. पाच-सहा, नारळाएवढे. कातळाची ताजी, न मळलेली बाजू दिसत होती. माझं कुत्रं फळीच्या तोंडाशी बसलं ते बसलंच. हाका मारल्या, शीळ घातली. शेपूट हलवत होतं, पण पुढे येईना.

काचा शाबूत. दिवस सतरावा.

मनाला सांगते, तू म्हातारी झालीस, तुला जिकडेतिकडे वाईट दिसतं. यंत्राने ओके सांगितल्यावर माणूस ऐकतो ना? मग काचेचं ऐक. आणि खरं सांगू, मलाही ऐकायचंच आहे. सकाळी चूळ भरताना मुलगा गुणगुणत होता. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.


२४ ऑक्टोबर, रविवार

कसं लिहू.

आज एकटीच गेले, रोजच्यापेक्षा लवकर. वाकून मधली पट्टी बघितली. शाबूत. तारीख ६ ऑक्टोबर, माझ्यासारखीच कोरलेली. उठताना तोल गेला म्हणून हात टेकला, तो नेमका प्लास्टरच्या गोळ्यावर. गार लागला. अठरा दिवस उन्हात तापलेलं प्लास्टर खडूसारखं कोरडं ठणठणीत असायला हवं. नख लावलं. नख आत गेलं.

शेवटच्या पट्टीलाही लावलं. तिथेही गेलं.

खाली उतरले ते कशी उतरले, देव जाणे. घरी सूनबाई चालून आली होती, शेगडीशी उभी. तिच्या गुडघ्यांवर, साडीला, पांढरे डाग. माझी नजर त्या डागांवरच. तिनेच गॅस बंद केला.

“चार वेळा, आई,” म्हणाली.

“कुठली?”

“आधी तीनदा मधली. आज मधली आणि शेवटची दोन्ही. पहिल्यांदा मोडलेली बघितली ना, तेव्हा वाटलं तुम्हाला सांगावं. मग डोळ्यांसमोर ह्यांची बॅग आली. तुमचा चेहरा आला. तुम्ही पण किती दिवसांनी नीट जेवत होतात.”

“अगं, तिथे कडेला गुडघे टेकून बसायचीस? या पोटानिशी?”

तेव्हा रडली. मीही. तिला रागवायला तोंड उघडलं आणि सहा तारीख आठवली — पहिली मोडलेली पट्टी मीच लपवली होती, आणि या वहीतसुद्धा खोटं लिहिलं! हात लागला म्हणे. हात कुठे लागला होता?

तिला जवळ घेऊन बसले. मुलाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. नवरा-बायकोत ही गोष्ट शिरली की आयुष्यभर निघायची नाही.


२५ ऑक्टोबर

सकाळी व्हील पाना घेऊन गेले आणि मधली काच मीच फोडली.

मग मुलाला सांगितलं, “मोडली रे. फळी बंद. शनिवारची मंडळी रद्द कर.”

मला वाटलं आरडाओरडा करेल. तो गाडीखाली होता. पान्याची टकटक थांबली. मग आवाज आला, “कुठली?”

“मधली.”

“आजच?”

“आज.”

बाहेर आला. चेहऱ्यावर ग्रीस, आणि ग्रीसखाली रंग म्हणून नाही. तोंड धुवायला गेला. पाण्याचा आवाज किती वेळ येत होता.

फळी सोडून दुसरा रस्ता काढू, पुढच्या हंगामात करू, असं मी बोलत राहिले. त्याने ऐकून घेतलं. संध्याकाळी बोटीच्या कंपनीला फोन लावला. सूनबाईने माझा हात धरला होता. किती घट्ट!

थोरलीने दुपारी जाऊन ओळंब्याला निरोप सांगितला, म्हणजे मुलाने — लांबच्या रस्त्याने, दोन तास जायला, दोन यायला. ओळंबा म्हणाला म्हणे, “मग मी दोन दिवस राहून सगळं नीट आवरून येतो, घाई काय.” वॉकीटॉकी मुलाबरोबर परत पाठवला. आता कशाला लागतो, म्हणाला.


२६ ऑक्टोबर

आज एकविसावा दिवस. मुलाने बॅग माळ्यावरून काढली, झटकली, आणि दारात ठेवून दिली. सूनबाई तिच्या अंगावरून जाताना दर वेळी पदर सावरते.

दुपारी वर कुठेतरी मोठ्ठा आवाज झाला. ढगांसारखा. आभाळ निरभ्र होतं.


२७ ऑक्टोबर, बुधवार

मुलगा सकाळी माझ्यासमोर येऊन बसला. बायको शेजारी असताना म्हणाला, “आई, मोडलेल्या काचेचं मला बोलायचंय. तू खोटं बोललीस असं वाटलं मला. कारण मधली मी आदल्याच दिवशी संध्याकाळी बदलली होती. त्याआधी दोनदा.”

सूनबाईनेही उभं राहून आपलं सांगून टाकलं, मग मीही. तो संध्याकाळी, ती सकाळी. एकमेकांना माहीत नाही.

तिने चारदा, त्याने तीनदा, मी एकदा. एकवीस दिवसांत आठ वेळा! आम्ही तिघं काच बघत होतो, भेग कुणीच बघितली नाही. तो आज उजाडताच बघून आला. महिन्याच्या सुरुवातीला नाण्याची कड जात नव्हती तिथे त्याचा हात मनगटापर्यंत गेला. रस्त्याचाच नाही, अख्खा उतार सुटत चाललाय. आणि उताराखाली तळ.

मुलगा थोरली घेऊन तसाच अनवाणी निघाला. दोन तास. ओळंब्याचा फोन लागत नाही. मेसेज पाठवलाय. पोचला अशी खूण अजून आलेली नाही. तो पुन्हा पुन्हा इथे उतरवतेय, हात थांबवता येत नाही म्हणून:

ओळंब्या, तंबू आहेत तसे टाक. काही आवरू नकोस. पलीकडच्या माळावर पळ, आत्ता. मिळालं की एक अक्षर लिही. नुसतं ‘ताई’ लिही. लवकर लिही रे.