साहेबांसाठी कोण रडलं?

२ जून
नोकरी लागली एकदाची! बबडीला उचलून घरभर नाचले, तर कार्टी म्हणते, आई, खाली ठेव, मी आता दुसरीत आहे. काम सोपं. नटश्रेष्ठ (ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलीय) साहेबांच्या बातम्या पिकवायच्या आणि पेरायच्या. बंगला प्रशस्त. जिन्याच्या प्रत्येक वळणावर साहेबांचा फोटो, संडासातसुद्धा. बटणं पोटावर तटतटलेली, पण वय अडतीसच्या पुढे सरकायला तयार नाही. मेकअपदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, की पोरी, पगार वेळेवर होतो हो इथे, फक्त हसू आलं की खोकायचं. मी दिवसभर खोकत होते.

९ जून
नवा सिनेमा सपशेल आपटला. थिएटरात प्रेक्षकांपेक्षा पंखे जास्त. माझ्या आधीच्या बाईंनी साहेबांना दोनदा निवृत्त केलं, एकदा हृदयविकाराचा झटका दिला, एकदा पुरात बुडणारं पोर वाचवायला लावलं. साहेबांना पोहता येत नाही. लोक आधी रडले, मग नुसते चुकचुकले, आणि आता बातमीखाली हसरी तोंडं चिकटवतात. लोकांनी तरी किती वेळा मूर्ख बनायचं? साहेबांच्या मते मात्र लोक कृतघ्न आहेत. तरी मन मोठं असल्यामुळे ते लोकांना आणखी एक संधी देणार आहेत. ते मरणार आहेत. एका दिवसापुरते.

१२ जून
आज वारले. बातमी मीच लिहिली. पोटासाठी माणूस काय काय लिहितो. दिवाणखान्यात पलंग, पांढरी चादर, पांढरी फुलं. संध्याकाळी गर्दी दाटली की सज्जात येऊन हात हलवायचा, असा बेत. गर्दी अडवायला आणलेले दोर तसेच पडून राहिले. एक म्हातारा फाटकातून डोकावला आणि कुठल्या सिनेमाची जाहिरात चाललीय, एवढं विचारून गेला. साहेब चादरीखालून सारखे विचारायचे, किती आले? कोण रडतंय? मी म्हणायचे, येतायत, येतायत. दुपारनंतर त्यांनी विचारणं सोडलं. मेकअपदादा त्यांना चहाला उठवायला गेले, गालाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. डॉक्टर आले. नाडी पाहून म्हणाले, अहो, हे खरंच गेलेत.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला भूक लागली होती.

१३ जून
आता खरी बातमी दिली. लांडगा आला रे आला! कोणीतरी लिहिलंय, जिवंत कधी होणार ते कळवा, चहा टाकून ठेवतो. साहेबांच्या थोरल्या बहिणीला फोन केला. त्या म्हणाल्या, मागच्या झटक्याला मी रडत धावत आले, तेव्हा तो आतल्या खोलीत केस रंगवत बसला होता. त्याला म्हणावं, ताई आता मेली तुझ्यासाठी. आणि फोन आपटला. दिवाणखान्यात परत आले तर पलंग रिकामा. साहेब आरशासमोर बसले होते. भांग पाडत होते.

१४ जून
डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली. नाही. श्वासही नाही. बॅग तिथेच टाकून पळाले. साहेबांचं म्हणणं, माझ्यासारखा माणूस कोणी रडल्याशिवाय जाईलच कसा? एकाने तरी मनापासून रडावं, मग जातो. मेल्यावरही टेंभा तोच! स्वयंपाकीणबाईंनी बिचाऱ्या कांदा नाकाशी धरला. साहेबांनी त्यांच्या गालावरचं पाणी बोटाने टिपलं, चाखलं आणि खोटं आहे म्हणाले. मला हसू आलं. खोकायला सुचलं नाही.

१६ जून
सगळे पळाले, मेकअपदादासुद्धा. मीही निघाले, तर साहेब दारात आडवे. म्हटलं, रडते बाबा आणि सुटते. वडिलांच्या आजारपणातले शेवटचे दिवस आठवले. खरंच रडू आलं. साहेबांनी बोट लावलं, चाखलं. म्हणाले, हे तुझ्या वडिलांचं आहे.

मग त्यांनी माझा फोन उचलला. त्यावर बबडीचा फोटो. ही रडते का, म्हणून विचारलं. सुटायच्या घाईत मी बोलून गेले, की कुत्र्याचं पिल्लू लंगडलं तरी रडते ती.

लगेच वाट दिली मला.

१७ जून
ते माझ्या स्वयंपाकघरात बसलेत. दार बंद होतं. बबडीला सांगितलं, हे काका वारलेत. ती खदखदून हसली. म्हणे, आई, हे तेच ना, खोटं खोटं मरतात ते? ते चिडले नाहीत. तिच्याकडे बघतही नव्हते. माझ्याकडे बघत होते.

१८ जून
बबडी शाळेत. ते विचारतात — ती सगळ्यात जास्त कोणासाठी रडेल?

मी म्हटलं, कोणासाठीच नाही. पण उत्तर त्यांना —

दाराला पाठ लावून उभे आहेत. फोन त्यांच्याच खिशात.

दुपार
माझीच चादर अंथरलीय. शेजारी स्वतःसाठी जागा. म्हणतात, तू आधी आडवी हो, मी लगोलग शेजारी पडतो, पोरीला कळणारही नाही कोणासाठी रडतेय. आयुष्यभर दुसऱ्याच्या टाळ्या ढापल्या, आता माझ्या लेकीची आसवं —

त्यांचे हात गार आहेत. गळ्याशी —

शाळेची गाडी वाजली. जिन्यात तिची पावलं.

बबडे, हे वाचशील तेव्हा रडू नकोस गं. आईसाठीसुद्धा नाही. याच्यासमोर एक थेंबही काढू न