अवलंबित्वाचा रकाना

६ जाने., मंगळवार. कल्याण.
ठाण्याला शेलारकडे जाऊन आले. व्हिसाची कामे करतो. माझाच विद्यार्थी, तर्कशास्त्रात दोनदा अनुत्तीर्ण, आता माझ्या उरलेल्या आयुष्याचे वर्गीकरण त्याच्या हाती. त्याच्या मते लेकीकडे, वैशालीकडे, पोर्तुगालला कायमचे राहायला जाण्याचे मला दोनच मार्ग आहेत. पहिला निवृत्तिवेतनधारकाचा: पेन्शन माझे, अर्ज माझा, सही माझी. दुसरा आश्रित पालकाचा: अर्ज मी भरायचा, लेकीने तिथून दाखल करायचा आणि मी तिच्यावर अवलंबून आहे हे लेखी मान्य करायचे. नव्वद दिवसांचा पाहुण्याचा व्हिसा या प्रश्नाच्या कक्षेबाहेर. तो दोनदा झाला.

"मॅडम, दुसरा सोपा. पेपर कमी, टेन्शन कमी."
"सोपे आणि खरे यांत फरक असतो, शेलार."
"माहितीये ना मॅडम. त्यातच तर नापास झालेलो."

पहिल्या मार्गासाठी व्हिसा केंद्रावरची वेळ घेतली: २ फेब्रु., सोम., सकाळी ११. दुसरा पत्करायचा असेल तर त्याआधी ती रद्द करायची.
'आश्रित' या शब्दावर सही करणार नाही. एकोणचाळीस वर्षे शिकवले आहे.

९ जाने., शुक्र.
लीलाबाई बोंबील घेऊन आली. खाडीकाठची कोळीण; तीस वर्षे याच उंबऱ्यावर टोपली उतरवते. बातमी तिला आधीच लागलेली.

"चाललीस कं गो पोरीकरं?"
"ठरलेलं नाही."
"तिकरं म्हावरा मिलतं कं?"
"समुद्राकाठचाच देश आहे, लीलाबाई."
"मिलंल गो. पन साफ करून कोन देल? तुला तर आजून कोलंबी सोलता येत नाय."

आक्षेप सबळ. नोंद केली.

१४ जाने., बुध.
अर्जासोबत हेतुपत्र लागते. तिथे का राहायचे, हे सकारण. लिहायला बसले आणि अप्पा आठवले.

अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. आमच्या चाळीत सोळा बिऱ्हाडे, नळ एक. नळावर जुंपली की बायका त्यांना हाक मारत. ते येऊन दोघींना समोरासमोर उभे करत. "आधी तू तिचं म्हणणं सांग. ती 'हो, हेच' म्हणेपर्यंत स्वतःचं बोलायचं नाही." पाणी जायची वेळ झाली तरी नियम मोडत नसत. एकदा काशीताईने शेजारणीचे म्हणणे चार वेळा सांगितले आणि चारही वेळा शेजारीण "नाही" म्हणाली. पाचव्या वेळी सांगता सांगता काशीताईच रडू लागली. आपली कळशी उचलून तिने शेजारणीची नळाखाली ठेवली. मी सहा-सात वर्षांची, परकरावर शिंतोडे.

पुढे विहारातल्या रविवारच्या वादसभेत तोच नियम. आणखी पुढे, कॉलेजच्या ग्रंथालयात 'पूर्वपक्ष' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा नळाखालच्या ओल्या फरशीचा वास आला. आजही येतो.

तर हेतुपत्रातही आधी पूर्वपक्ष, समोरची बाजू. म्हणजे मी का जाऊ नये.

१८ जाने., रवि.
पूर्ण झाले. पूर्वपक्ष अडीच पाने. त्यात विहारातला मुलांचा वर्ग. पुलावरून उल्हास नदीचे पाणी श्रावणात कोणत्या रंगाचे दिसते, ते. पारनाक्यावरचा चष्मेवाला, जो माझा नंबर न तपासता सांगतो. आमचे हे शेवटपर्यंत जिथे बसून पेपर वाचत, ती खिडकी. हे गेल्यापासून या घरात प्रतिपक्ष उरलेला नाही. लीलाबाईचा आक्षेप क्रमांक सातवर.
उत्तरपक्ष, म्हणजे का जावे, अकरा ओळी. सुबक. शेलारला पाठवले.

२० जाने., मंगळ.
शेलारचा फोन.
"मॅडम, हे काय लिहिलंय? हे वाचलं तर मीच तुम्हाला नाही म्हणेन!"
"आधी प्रतिपक्ष मांडल्याशिवाय आपला पक्ष सिद्ध होत नाही."
"अहो, पण तिथे समोरचा माणूस वाद घालायला बसत नाही. शिक्का मारायला बसतो."
मग चाचरत म्हणाला, "मी वैशालीताईंना पाठवलंय. म्हटलं त्या समजावतील."
न विचारता पाठवले. त्याच्यावर रागावले. कारण शोधले तर राग त्याच्यावर नव्हता.

२१ जाने., बुध.
संध्याकाळी वैशालीचा फोन.
"आई, अडीच पानं कल्याण. आणि अकरा ओळी मी."
म्हटले, ती पद्धत आहे. पूर्वपक्ष सविस्तरच असतो.
"बरं. मग पद्धतच ना? आजोबांचा नियम लावू. तू आधी माझं म्हणणं सांग. तू यावंस असं मला का वाटतं?"
मी: तुला माझी काळजी वाटते. गुडघा, जिना, एकटेपणा.
"नाही."
मी: आईला एकटी टाकून गेली असे लोक म्हणतात, त्याचा सल.
"नाही गं. लोकांचं काय!"
मी: घटस्फोटानंतर तुला मदत लागते. स्वयंपाक, घर.
"आई, तू आणि स्वयंपाक?" हसली. मग हसू थांबले. "विचार कर. मी थांबते. एक तारखेला, रविवारी परत विचारीन."

तीन प्रयत्न, तिन्ही बाद. एकोणचाळीस वर्षे दुसऱ्यांचे पेपर तपासले.

२५ जाने., रवि.
विहारात वर्ग घेतला. एक मुलगी गळ्यात दोरीने किल्ली अडकवून आली होती. आई-वडील दोघे कामावर. धड्यात लक्ष राहिले नाही.

वैशालीच्या गळ्यातही अशीच किल्ली असे. आठ वर्षांची. माझे संध्याकाळचे तास, ह्यांची कोर्टातली कारकुनी. घरी परतले की ती जिन्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. किल्ली गळ्यात, दार बंद. मी रागवायची: किल्ली असून बाहेर का बसतेस? एकदाच उत्तर दिले होते तिने: "आत कोणी नसतं ना." मी त्यावर म्हटले होते की हे कारण नाही, वर्णन आहे.

असे म्हटले होते मी. आठ वर्षांच्या मुलीला.

२९ जाने., गुरु.
गेल्या खेपेला तिच्याकडे होते तेव्हाचे एक आठवते. ती कामावरून येई. कुलूप स्वतःच उघडत असे. मी आत आहे हे तिला माहीत असे, तरी दारातूनच विचारी, "आई?" मी पुस्तकातून मान न उचलता "हं" म्हणे. मगच चपला काढी. रोज. नव्वद दिवस. मी ती निव्वळ सवय मानली.

लीलाबाईला सांगितले. ती टोपलीला टेकून बसली होती.
"मंग? घरान कोन तरी पायजेच. येवरी पुस्तकां वाचलंस नि ह्या आता कललं व्हय तुला?"

१ फेब्रु., रवि.
वैशालीने दुपारी फोन केला, तिची सकाळ. चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला.
मी सांगितले. तुला माझी काळजी घ्यायची नाही आणि मदतही नको. दार उघडल्यावर तुला आतून आवाज हवा आहे. तो तुला आठव्या वर्षी हवा होता, तेव्हा मिळाला नाही. आता मागते आहेस, पण किल्लीबद्दल बोलायचे नाही म्हणून दर फोनला पेन्शन, परवाना, नियम यांबद्दल बोलतेस.
मग अगदी लहान आवाजात, "हो. हेच."

नियमाप्रमाणे यापुढे बोलण्याची पाळी माझी. अडीच पाने तयार आहेत, मुद्देवार. एकही मुद्दा खोटा नाही. बोलता आले नाही. "उद्या सांगते," म्हटले.
"सांग. आणि आई, कुठला फॉर्म भरायचा तो तू भर. मला दोन्ही चालतील. नाही भरलास तरी..."
वाक्य पुरे केले नाही. मीही करून घेतले नाही.

दोन्ही अर्ज टेबलावर. आश्रित पालकाच्या अर्जात रकाना आहे: 'अवलंबून असणाऱ्या व्यक्तीचे नाव'. तिथे माझे नाव हवे; मी पेन्सिलीने वैशालीचे लिहिले. विधान सत्य, अर्ज अवैध.

खोडरबर शेजारी काढून ठेवले आहे. केंद्रावरची वेळ रद्द केलेली नाही; उद्या अकराला पोहोचायचे तर सकाळी साडेआठला निघायला हवे. लीलाबाई सोमवारी नऊला येते. तिला उद्या येऊ नको म्हणायचे राहून गेले.