निजलेला उतार

बा, तुझ्या उताराचं सांगायचं आहे. पोशेरा गावाच्या वर, आपल्या पाड्यामागचा, ज्याला तू "निजू दे त्याला" म्हणायचास, तोच. राजाच्या दरबारच्या शाळेत मला दोन पावसाळे बसवलंस म्हणून हे लिहिता येतंय, नाहीतर नुसता पुटपुटत बसलो असतो. तुझा आवाज आता धड आठवत नाही, पण तुझी चापट आठवते. मी आईनाच्या झाडावर चढलोय, राबासाठी फांद्या छाटतोय, आणि हौसेनं शेंड्यालाच कोयता घातला. तू खाली ओढलंस नि दिलीस एक ठेवून. "शेंडा ठेवायचा, गाढवा! बाजूचं तोड. झाडच मेलं तर पुढल्या साली जाळायला काय तुझे केस आणू?" मी रडतोय आणि आई हसतेय. त्या फांद्या आपण वाळवल्या, रोपाच्या जागेवर पसरून जाळल्या, आणि त्या राखेत नागलीचं रोप काय तरारलं होतं!

उताराला तर तू हातच लावू देत नव्हतास. एक साल नागली, एक साल वरई, मग सोडून द्यायचा, झुडपं माणसाएवढी होईपर्यंत. घरात पेज पातळ झाली की आई चुलीपाशी बोलायची, मागं एवढी जमीन पडलीय आणि आम्ही पाणी पितोय. "पडली नाही, निजलीय," तू म्हणायचास. "या पोराची पोरं खातील." तुझा मी एकटाच उरलो होतो. बाकीची आईनं जन्माला घातली तशी पुरली. कुणी देवीनं गेलं, कुणी तापानं. म्हणून तुला उतार निजवता आला, हे मला फार उशिरा कळलं.

माझी मात्र सगळी जगली. दरबारचा देवी टोचणारा पाड्यावर आला तेव्हा लोक रानात पळाले, मी पोरांना धरून उभा राहिलो. चार मुलगे, दोन मुली, आणि आता त्यांची पोरं. अंगणात पाय ठेवायला जागा नाही आणि मला ते आवडतं, खरंच आवडतं! पण उताराला निजायला मिळेना. आधी झुडपं कमरेएवढी झाली की फोडून पेरला, मग गुडघ्याएवढी झाली की. यंदा नुसतं गवत आहे, मधून मधून खडक दिसतोय. आईनांचे शेंडे केव्हाच गेले. पलीकडचं रान दरबारचं, कोयता घेऊन गेलं की शिपाई उभा. खाली कोळशाच्या भट्ट्यांवर जावं तर तिथं आधीच निम्मा पाडा बसलाय. कुठं सरकू, सांग.

"बाबा, यंदा उतार नाही फोडला तर होळीनंतर खायचं काय?" थोरला विचारतो.

"आणि फोडला तर?"

"तर पुढल्या साली बघू."

"पुढल्या साली तिथं दगड पेरशील का रे?" मी ओरडलो. त्याचं तरी काय चुकलं? तू असतास तर म्हणाला असतास, एवढी पोरं कशाला? मग मीही विचारलं असतं, यातलं कोणतं नको होतं? दाखव बोट.

परवा त्याच थोरल्याला पोरगा झाला. आज सुईणीनं रीतीप्रमाणे वाटीतल्या पाण्यावर तांदूळ सोडले आणि घरातल्या गेलेल्यांची नावं घेत गेली. तुझं नाव घेतलं, आणि दोन दाणे तरंगत एकमेकांना चिकटले. "म्हातारा परत आला गं!" बायका ओरडल्या. थोरल्यानं त्याला माझ्या मांडीवर दिलं. "घे बाबा, तुझा बा."

आता हा कागद कुठं धाडू? तू तर घरातच आहेस, झोळीत मुठी चोखत पडलायस. उद्या आम्ही उतार फोडणार. ज्यांच्यासाठी तू तो राखलास त्यांनी खाल्ला, आणि आता तूच आलास तर तुझ्यापुरता उरला नाही. एवढंच कबूल करतो, बा. तुला मांडीवर घेतलं तेव्हा सगळे हसत होते, मीही हसलो. पण माझ्या मनात पहिलं आलं ते, अरे देवा, आणखी एक.