परसातलं पर्सिमन कुणाचं

मी, रूथ मोझेस मकासरे, वय ६१ वर्षे, धंदा घरकाम, राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, बीपीची गोळी सोडली तर माझ्या तब्येतीची काही तक्रार नाही. डोकं शाबूत आहे. कुणी धमकावून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलायची आमच्या घरात तशीही पद्धत नाही.

१. राहतं घर व मागचं परस माझे पती कै. मोझेस यांनी हयातीत माझ्या नावे केलं. त्यांची पहिली पत्नी मेरी वारल्यावर वर्षाने माझं त्यांच्याशी लग्न झालं. मेरीची मुलगी सुवार्ता तेव्हा सात वर्षांची होती. मला मूलबाळ झालं नाही. सबब घर, बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या माझ्यापश्चात सुवार्तास मिळाव्यात. ती मला मावशी म्हणते. लग्नाच्या दिवशी ह्यांनीच तिला तसं शिकवलं. "आई एकच असती," म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

२. परसातल्या पर्सिमनच्या झाडाबाबत, ज्याच्या फळाला बाजारात जपानी फळ म्हणतात, जरा तपशिलाने लिहिते, कारण माझं भांडण इथेच आहे. रोप मेरीनं शिमल्याच्या सहलीहून आणून लावलं, हे मला मान्य. पण माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते जमिनीपर्यंत वाळलं. हे त्याच्याशेजारी बसून रडले, माझ्यासमोर. पुढे बुडातून रानटी फुटवा आला. माझा भाऊ जॉन पाचगणीला माळी आहे. त्याच्याकडून चांगल्या झाडाची काडी आणून मी त्या फुटव्यावर कलम बांधलं, ह्यांच्या डोळ्यांदेखत. भांडी धुतलेलं पाणी घातलं, माकडं हाकलली, सहा वर्षं वाट पाहिली. आणि फळ धरलं तेव्हा हे म्हणाले, "मेरीच्या हाताला गुणच हुता." अख्खं गाव आजही त्याला मेरीचं झाड म्हणतं. माझ्या अंगाचा तेव्हाही जळफळाट झाला, आजही होतो.

पहिलं फळ उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीच्या सणाला चर्चमध्ये मंडळीत वाहिलं. आमच्यात वाहिलेल्या जिनसांचा तिथंच लिलाव होतो. पाळकसाहेबांनी पुकारलं, "प्रभूत निजलेल्या मेरीबाईंच्या झाडाचं फळ!" ह्यांनी दुसऱ्या कुणाला बोली बोलूच दिली नाही. फळ हातात येताच तिथंच चावा घेतला. हे फळ पार मऊ झाल्याशिवाय खायचं नसतं, कडक असताना जीभ आवळून येते. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं झालं, तरी घास गिळून म्हणाले, "लई गोड हाय." माझ्या कालवणात मात्र जन्मभर मीठ कमी. त्या दिवसापासून मी ते फळ तोंडात घातलेलं नाही.

सदर झाडही सुवार्तासच मिळावं, पण एका अटीवर. मंडळीत फळ वाहताना ते 'रूथबाईंच्या झाडाचं' असं पुकारलं जावं. तसं न झाल्यास झाड बुडापासून तोडावं.

३. कलमाचा चाकू भाऊ जॉन यास द्यावा. शेजारीण मुक्ताबाई दरवर्षी कुंपणावरून "मेरीचं झाड लई लदलंय" असं मला ऐकवते. तिला दरसाल पाच फळं द्यावीत. कच्ची.

४. ह्यांना मेरीशेजारी पुरलं आहे. त्यांच्या दुसऱ्या बाजूची जागा माझी. दगडावर 'द्वितीय पत्नी' असं कोरू नये. मेरीच्या दगडावर नुसतं 'पत्नी' आहे, तेवढंच माझ्याही असावं.

५. इथवर लिहून झालं आणि साक्षीदार सहीला बसले, तोच सुवार्ता बशी घेऊन आली. फळ तिनं तांदळाच्या डब्यात ठेवून मऊ केलं होतं. म्हणाली, "मावशी, खा की आता. तुझ्या झाडाचं हाय."

मी विचारलं, "कुणाच्या?"

"तुझ्याच. कलम बांधलंस तवा पट्टी मीच धरली हुती न्हवं?"

सबब वरील २ मधील अट रद्द केली आहे. खोडलेल्या ओळींवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. झाड तोडू नये. कुणाच्याही नावानं पुकारलं तरी तोडू नये.

फळ मी चमच्याने खाल्लं. गोड आहे. हे खरं लिहिते, ह्यांच्यासारखं नाही. मेरीला यातला एक घासही मिळाला नाही, हे आज पहिल्यांदा मनात आलं आणि वाईट वाटलं.

दगडाबाबत लिहिलंय ते मात्र कायम आहे.

लिहून ठेवणार : रूथ मोझेस मकासरे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली व फळ खाल्लं गेलं :
१. कानिफनाथ बाळू मुठे (सही)
२. राधाकृष्ण सखाराम देठे (सही)

ठिकाण : राजूर
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५