बारशाला आत्या का येत नाही

देवपूर, धुळे
७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पुनम हिस,

अनेक आशीर्वाद. बाळीचे फोटो पाहिले. कपाळ आमच्या भूषणचं आहे, हनुवटी तुमच्याकडची. नाक कोणाचं ते एवढ्यात ठरवू नका, नाकं उशिरा ठरतात. तू वेळेवर जेवतेस ना? प्रेमराजभाऊंना आणि मंजुळाबाईंना नमस्कार.

तुझ्या लांबलचक मेसेजचं उत्तर कागदावर देते आहे. फोन केला की प्रेमराजभाऊ स्पीकर लावतात आणि तुझं चोपड्याचं सगळं माहेर मधे बोलतं. लिहिताना कोणी मधे बोलत नाही.

तू सरळ विचारलंस, "आत्याबाई, तुम्ही सायन्स शिकलेल्या. बाळीला बीसीजी द्यावी की थांबावं?" मी सायन्स शिकले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पुढचं सगळं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलं. चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगेन, पण लसीबद्दल मला नीट माहिती नव्हती. माहिती नसताना मत देणारे आपल्या घरात पुष्कळ आहेत. त्यात भर नको म्हणून आधी चौकशी केली.

तुझी अडचण मला समजली ती अशी. बाळ झालं त्या दवाखान्यात लसीची बाटली उघडली नाही, कारण त्या दिवशी टोचायला एकच बाळ होतं. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी तुझ्या आईनं, मंजुळाबाईंनी, तुला उंबरा ओलांडू दिला नाही, सव्वा महिना झाला नाही म्हणून. तेवढ्यात शेजारच्या नवीनच्या मुलाचा दंड पिकलेला पाहून तू घाबरलीस. आणि भूषण म्हणतो, लस घेतलेल्यांनाही टीबी होतोच, मग पोरीला रडवायचं कशाला.

पहिल्यांदा मी दंड पाहायला सुरुवात केली. ही लस डाव्या दंडावर देतात आणि बहुतेकांना वण राहतो, एवढं आठवत होतं. दूध घालायला जीवराम आला, त्याला बाही वर करायला लावली. तो बिचकला. "अक्का, मना दंड कसाले देखतस तुम्ही?" म्हटलं, दुधात पाणी कोणता हात घालतो ते बघते आहे. वण होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, मधे चपटा. समोरच्या रतिलालच्या दंडावर काहीच नव्हतं. तो म्हणाला, लस घेतल्याचं आई सांगायची. हे कसं? प्रश्न सुटेना, म्हणून सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत बसले.

तिथली डॉक्टर डिंपल म्हणून एक मुलगी आहे. नावावर जाऊ नकोस, बोलायला माझ्यापेक्षा कडक आहे. म्हणाली, थोड्या मुलांना वण येतच नाही, म्हणून पुन्हा टोचायची गरज नसते. दंड पिकण्याचंही विचारलं. टोचल्यावर काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, पिकते, फुटते, आपोआप भरते. ते तसंच व्हायचं असतं. त्यावर हळद, तेल, पोटीस काही लावायचं नाही. काखेत गाठ सुजली किंवा जखम भरेना, तर डॉक्टरला दाखवायचं. तसं क्वचित होतं, पण होतं. हे तिनं लपवलं नाही, म्हणून मला ती पटली.

मग भूषणची शंका. ती म्हणाली, तो अर्धा खरा आहे. मोठेपणी छातीत होणाऱ्या टीबीला ही लस फारशी अडवत नाही. पण तान्ह्या मुलांत तो मेंदूत जातो, सगळ्या अंगात पसरतो, त्यापासून ती बऱ्याच अंशी वाचवते. मला चटकन तुझ्या वडिलांची बाग आठवली. केळीच्या कोवळ्या रोपांभोवती वाऱ्याला आड म्हणून शेवरीची झाडं लावतात. मोठ्या वादळात केळी पडायची ती पडते. पण म्हणून शेवरी न लावणारा एक तरी शेतकरी प्रेमराजभाऊंनी मला दाखवावा.

बाटलीचंही विचारलं. एका बाटलीत बऱ्याच बाळांची लस असते आणि एकदा उघडली की ती काही तासांतच संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. म्हणून खासगीवाले बाळं जमायची वाट पाहतात. सरकारी दवाखान्यात लसीचा वार ठरलेला असतो, तिथे जा.

एक जुनी गोष्ट सांगते. सोनगीरला आमच्या शेजारी धुरपदाबाई राहायच्या. त्यांचा मुलगा वर्षाचाही नव्हता. ताप आला, मान ताठ झाली, पोर ओळख विसरलं. सगळे म्हणाले, नजर लागली. धुळ्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. त्याचे आजोबा अंगणात खाटेवर बसून खोकत असायचे आणि पोर दिवसभर त्यांच्या मांडीवर असायचं. तेव्हा कोणी या दोन गोष्टी एकत्र जोडल्या नाहीत.

असो. डॉक्टरनं नंतर मलाच दोन-चार प्रश्न विचारले, ते महत्त्वाचे नाहीत.

आता बारशाचं. भूषणला सख्खी बहीण नाही आणि मी त्याची आत्या, म्हणून बाळीच्या कानात नाव सांगायचा आणि वर पाठीत धपाटे खायचा मान माझा, हे ठाऊक आहे. नाव मी ठरवलंही आहे. पण मला येता येणार नाही. गुडघा दुखतो आणि घराला रंग काढला आहे. रंगाच्या वासामुळेच भूषणला काही दिवस नरडाण्यात कंपनीतल्या मित्राकडे राहायला सांगितलं आहे. या रविवारी तो चोपड्याला येणार नाही, त्याला कामं आहेत. वाट पाहू नकोस.

तुझी,
कोकिळाआत्या


धुळे
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पुनम हिस,

आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. दोनदा वाचला.

तू लिहितेस, भूषणनं सांगितलं की घरात रंगारी नाही, चुना नाही, गुडघाही ठीक चालतो. आत्या फोन उचलत नाही. दारातूनच त्याच्या हातात डबा देते आणि जा म्हणते. तुझी आई म्हणाली, "पोरगी व्हयनी म्हनीसन आत्याबाईले राग उना शे." आणि तू शेवटी विचारलंस, हे खरं आहे का.

पुनम, मी मुलगी म्हणून जन्मले आणि त्या जिनिंगमध्ये पुरुषांच्या गर्दीत कापसाच्या गाड्या नापास करत उभी राहिले. शेतकरी शिव्या घालायचे, व्यापारी घालायचे. मला मुलगी झाल्याचा राग येईल? पण चूक मंजुळाबाईंची नाही. खरं कारण झाकलं की माणसं आपल्या मनानं दुसरं शोधतात. तेव्हा खरं कारण ऐक.

मी तुझ्या लसीची चौकशी करत बसले होते आणि मधे मधे खोकत होते. डॉक्टर डिंपलनं पेन खाली ठेवलं.

"आजी, खोकला कधीपासून आहे?"

"आजी म्हणू नकोस. आणि खोकला कापसाचा आहे. जिनिंगमध्ये सगळेच खोकतात."

"जिनिंग कधी सोडलं?"

"सात वर्षं झाली."

"मग एवढी वर्षं कापूस छातीत साठवून ठेवलाय का, भाव वाढायची वाट बघत?"

मला हसू आलं. हसताना पुन्हा खोकला आला. तिनं वजन केलं, ते उतरलं होतं. संध्याकाळी अंग गरम होतं का विचारलं, होत होतं. थुंकी तपासायला डबी हातात दिली. गेले बाळाचं विचारायला आणि आले डबी घेऊन. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तपासणीचा निकाल यायचा होता. आता आला आहे. टीबीच आहे, छातीचा.

मी जिनिंगमधली, म्हणून माझा खोकला कापसाचा. लोटन हमालाचा, पितांबर फिटरचा, सगळ्यांचाच कापसाचा. आम्ही कधी कोणाला तपासायला पाठवलं नाही. हिवाळा आला की गूळ खायचा आणि कामाला लागायचं. तंतू पाहून कापूस ओळखणाऱ्या बाईला स्वतःची छाती ओळखता आली नाही, याचं मला रागापेक्षा नवल जास्त वाटतं.

फोन उचलत नव्हते, कारण तू खोकला ऐकला असतास. भूषणला दारातून परत पाठवत होते, कारण नोकरी लागल्यापासून तो माझ्याच घरी राहतो, माझ्या खोलीत बसून जेवतो आणि रविवारी चोपड्याला येऊन पोरीला छातीशी धरतो. धुरपदाबाईंच्या अंगणातली खाट माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

काल त्याला सगळं सांगितलं आणि दवाखान्यात नेलं. त्याच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे, खोकला-ताप काही नाही. माझ्याबरोबर एका घरात राहिला म्हणून त्यालाही प्रतिबंधक गोळ्या दिल्या आहेत. बाळाला भेटायला हरकत नाही असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्याला उद्याच पाठवते. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. मी म्हटलं, रडायचं ते घरी जाऊन रड, इथे लोकांना वाट दे. मग तो म्हणाला, "आत्या, लशीचं मी उगाच बोललो." उगाच नाही, म्हटलं. शंका विचारावी. पण उत्तर मिळाल्यावर तीच शंका पुन्हा विचारू नये.

माझी औषधं सुरू झाली आहेत. सहा महिने रोज घ्यायची, मधे सोडायची नाहीत. लघवी केशरी होते. आधी सांगितलं नसतं तर मी घाबरले असते, आता मजा वाटते. भूक परत येते आहे.

घरात कोणाला सांगायचं ते तू ठरव. आपल्याकडे या आजाराचं नाव घेत नाहीत, लग्नं मोडतात म्हणून. माझं मोडायला लग्न नाही, तेव्हा माझ्याकडून मोकळीक आहे. मंजुळाबाईंना तर नक्की सांग. पोरगी झाली म्हणून आत्या रुसली, यापेक्षा आत्याला टीबी झाला हे गावानं बोललेलं मला चालेल.

लसीचा निर्णय तुझा आणि भूषणचा. मी हुकूम देत नाही, आयुष्यभर पुष्कळ दिले. पण मला जे समजलं ते हे. टीबी कोणा दुसऱ्याच्या घरात असतो असं तू समजत होतीस आणि मीही. तो तुझ्या घरात होता, डबा भरून देत होता.

बारसं थांबवू नका. कानाशी तोंड नेऊन नाव सांगायचं असतं आणि माझं तोंड सध्या कोणाच्या कानाशी नेण्यासारखं नाही. तुझ्या मावशीला सांगू दे. नाव भूषणजवळ देते.

तुझीच,
कोकिळाआत्या

ता. क. नाव भूषणजवळ दिलं नाही. देणार होते, दिलं नाही. तू मागितलंस तर देईन.


धुळे
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. पुनम हिस,

आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ मिळाला. मंजुळाबाईंनी वेगळ्या पुडीत बांधून वर माझं नाव लिहिलं होतं, तेही पाहिलं. त्यांना सांग, मिळाला. एवढंच सांग, त्यांना समजेल.

तू नाव मागितलंच नाहीस. बारसं तसंच ठेवलंस. लसीच्या कार्डावर अजून 'पुनमची मुलगी' असं लिहिलेलं आहे, हे भूषणनं मला हसत सांगितलं. मी त्याला रागावले. पोरीला तीन महिने बिननावाची ठेवतात का? चोपड्यात लोक काय म्हणत असतील? रागावून झाल्यावर मी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. हे त्यानं तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

प्रेमराजभाऊंच्या केळी वाहायच्या गाडीत गल्लीतली चार बाळं आणि चार आया बसवून लसीला नेल्याचा फोटो मी जपून ठेवला आहे. मंजुळाबाई पुढे ड्रायव्हरजवळ मांडीवर पोर घेऊन बसलेल्या. सव्वा महिन्याचा शेवटचा दिवस संपायची वाट पाहिलीच त्यांनी, पण दुसऱ्याच सकाळी स्वतः गाडीत चढल्या. भूषण सांगत होता, नवीनची बायको कुरकुरायला लागली तेव्हा त्याच म्हणाल्या, "बठ्ठ्यासनी बसा गाडीमा. बाटली एकदाव फुटी, बठ्ठास्ना काम व्हई." बाटली एकदाच उघडेल आणि सगळ्यांचं काम होईल, हा हिशोब त्यांचा. मला ही बाई आधी नीट ओळखता आली नव्हती.

आता दंडाचं. तू लिहितेस, पुळी आली, पिकली, आज सकाळी फुटली आणि तुझा जीव थाऱ्यावर राहत नाही. राहू दे. स्वच्छ ठेव, घट्ट बाहीचं झबलं घालू नकोस, त्यावर काही लावू नकोस आणि कोणाला लावू देऊ नकोस. ताप नाही, दूध पिते, काखेत गाठ नाही, म्हणजे ठीक चाललं आहे. वण किती मोठा होतो ते मला कळव. मला खरंच पाहायचं आहे. जीवरामच्या वणापेक्षा सुबक व्हावा.

माझ्या थुंकीची पुन्हा तपासणी झाली. जंतू सापडले नाहीत. डॉक्टर डिंपलनं छातीचा नवा फोटो पाहिला, मला तपासलं आणि म्हणाली, "आता जा बारशाला. गोळ्या बरोबर न्या. एक दिवस चुकली तर मी चोपड्याला येईन." मी म्हटलं, तूही ये, धपाटे मारायला कोणीतरी ओळखीचं हवंच.

तेव्हा पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. माझ्यासाठी वेगळं ताट, वेगळा पेला ठेवू नका. आजार ताटातून जात नाही आणि मला तसं जेवायचंही नाही. खिडक्या मात्र उघड्या ठेवा.

नाव तयार आहे. नोव्हेंबरपासून रोज एकदा बंद खोलीत मोठ्यानं म्हणून पाहते. आधी निम्म्यावर खोकला यायचा. आता पूर्ण म्हणता येतं.

मंजुळाबाईंना सांग, नाव सांगून झाल्यावर पाठीत पहिला धपाटा त्यांनी घालायचा. माझ्यावर राग होता तेव्हाचा धपाटाही त्यातच मोजून घ्या. माझी छाती अजून पूर्ण बरी नाही, म्हणून कोणी हात आखडता घेऊ नये.

पाठ तयार ठेवून येणारी,
बाळीची आत्या