हिरव्या मखमलीची गादी

नऱ्हे, पुणे
२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय जीनतआपा,

सलाम. तू आणि दुल्हेभाई सांगलीत मजेत असाल असं धरून चालतो. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मधेच काहीतरी विचारतेस, मी भडकतो आणि कट करतो. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

नवीन फ्लॅट बरा आहे. चौथा मजला, लिफ्ट आहे. मी आणि शिरवळचा अजहर, दोघंच. पाणी सकाळी तासभर येतं. पहिल्या दिवशी मी नळ उघडा टाकून कामावर गेलो. खालच्या मजल्यावरचा माणूस तक्रार घेऊन आला तर त्याच्याशीच भांडलो. इथं सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. परवा भलत्याच दाराला किल्ली लावत होतो. आतून बाई म्हणाली, "कोण पाहिजे?" मी किल्ली काढून घेतली आणि जिन्याकडं पळालो.

कुरिअरच्या गोदामात लागलोय. गावांप्रमाणे पार्सलं वेगळी करायची. आपल्या कोरेगावचं आलं की हात थांबतो.

कॉलेज का सोडलं ते अम्मीनं तुला तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. एक पोरगा माझ्या वर्गातल्या कशिशबद्दल वाईट बोलला, मी त्याला कँटीनमध्येच हाणला. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं? आता अख्खं कोरेगाव माझं नाव घेतंय." त्या दिवसापासून गेलोच नाही. राग तिचा आला होता की माझा, अजून कळत नाही.

मग महिन्याभरात ती आपल्याच दुकानात आली, आईबरोबर, लग्नातली गादी भरायला टाकायला. अब्बांनी माप घेतलं, रंग विचारला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तू सांग." मी हिरवी मखमल म्हटलं. तिनं हिरवीच घेतली. आपा, मनात काही नव्हतं तर मला का विचारलं? आणि काही होतं तर स्वतःच्या लग्नाची गादी माझ्याकडून कशी शिवून घेतली? तूच सांग, तू बाई आहेस.

टाके सगळे मीच घातले. शेजारी कापूस भरता भरता ज्ञानूकाका म्हणत होते, "वाजिद, दोरा एवढा ओढू नगं रं. गादी हाय, पोतं न्हवं."

अजहर रोज चिडवतो. "मखमलीची गादी गुंडाळून ठिवलीस आन् सवता फरशीवर लोळतूस. नवरी कवा येणार हाय गड्या?" काल त्याला चप्पल फेकून मारली.

हो. ती गादी इथं आहे.

पुण्याला निघालो त्या पहाटे खिळ्यावरची अब्बांची दुकानाची किल्ली घेतली, गादी काढली, किल्ली परत अडकवली. मार्केट यार्डाला जाणारा आल्याचा टेम्पो होता, त्यात टाकली. अजून तिला आल्याचा वास येतो. गादीच नसली तर लग्न पुढं ढकलतील असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. अब्बांनी दोन दिवसांत दुसरी भरून दिली. तीही हिरवीच.

इथवर असतं तर मी तुला लिहिलंच नसतं. काल अम्मीचा फोन आला. दुसरी किल्ली ज्ञानूकाकांकडं असते, तुला माहीत आहे. अब्बा त्यांना चोर म्हणाले नाहीत. फक्त किल्ली मागितली. काका म्हणाले, "आवं चांदसाहेब, न्या की," आणि गल्ल्यावर ठेवून घरी गेले. बावीस वर्षं आपल्या दुकानात काम करून. अब्बा तेव्हापासून नीट जेवत नाहीत. अम्मी म्हणाली, "ज्ञानू असा निघंल असं वाटलं न्हवतं."

मी "हं" म्हटलं. आपा, मी नुसतं "हं" म्हटलं.

तेव्हापासून डोकं चालत नाही. लग्न पुढच्या रविवारी आहे. आत्ता खरं सांगितलं तर लोक "का?" म्हणून विचारणार, आणि परत कशिशचं नाव निघणार, तेही नवऱ्याकडच्यांच्या कानावर. लग्नानंतर सांगावं तर तोवर काका चोर. गादी परत नेऊन टाकावी तर कुणीतरी बघणार. सकाळी एक ठरवतो, जेवताना दुसरं.

आत्ता हे लिहिताना एक सुचलं, ते बदलायच्या आत लिहून टाकतो. पत्र आमच्या कुरिअरनं उद्या मिळेल, त्या मिनिटाला अब्बांना फोन लाव. सांग, वाजिदला नव्या फ्लॅटवर अंथरायला काही नव्हतं, दुकानात समोर दिसली ती गादी घेऊन गेला. मी तसा आहेच असं त्यांना वाटतं, विश्वास ठेवतील. शिव्या देतील त्या देऊ देत. पण किल्ली परत द्यायला अब्बांनी स्वतः काकांच्या घरी जायचं, अम्मीला पाठवायचं नाही, एवढं कबूल करून घे. मी परवा, या रविवारीच सुट्टीला येतो आणि काकांच्या पाया पडतो. त्यांनी दारात उभं केलं नाही तरी येतो.

ती "तू सांग" का म्हणाली, ते तुला कळलं असलं तरी आता मला कळवू नकोस.

तुझा भाऊ, आणि अब्बांच्या दुकानातला चोर,
वाजिद