साडेतीन तासांचं विमान

प्रिय ठमे,

आज दुकान लवकर बंद केलं. दुरुस्तीला आलेली तीन घड्याळं टेबलावर उघडी पडली आहेत, पण कामात लक्ष लागेना. फोनवर बोलावं तर आई शेजारीच असते आणि माझी बोबडी वळते, म्हणून हे पत्र.

तू तिकडे नोकरीला जायचं ठरवलंस तेव्हा आईने एकच अट घातली होती, आठवतंय? उद्या मला काही झालं तर पोर दिवेलागणीच्या आत घरी पोचली पाहिजे, त्याहून लांब नाही. तू रडून रडून डोळे सुजवून घेतलेस. शेवटी मी विमानाचं वेळापत्रक तिच्यापुढे धरलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटतं, बारा चाळीसला उतरतं. म्हटलं, साडेतीन तास, तुझ्या माहेरी जायला याहून जास्त लागतात. तिकडची घड्याळं मागे असतात हे तिला ठाऊक होतं, पण उतरायची वेळ तिकडच्या घड्याळाची असते, तो फरक या आकड्यांत लपलाय हे तिच्या ध्यानात आलं नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या वजाबाकीवर कोण शंका घेणार? मधे बारा हजार किलोमीटर आहेत, चौदा तास लागतात, हे मला पक्कं माहीत होतं. तू पोचल्याचा फोन रात्री अकरानंतर आला, तेव्हा विमानाला उशीर झाल्याची थापही मीच मारली.

गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तू निघायला तयार होतीस, मीच तुला थांबवलं, सगळं ठीक आहे म्हणून. ती मात्र दवाखान्यात पडल्या पडल्या संध्याकाळभर दाराकडे बघत होती. तेव्हापासून ती तुझ्याशी तुटक बोलते. तुला वाटत असेल, मनाविरुद्ध गेलीस म्हणून राग आहे. तसं नाही, ठमे. साडेतीन तासांवर असून लेक आली नाही, एवढंच तिच्या मनात सलत होतं. आणि मी मूग गिळून बसलो होतो. त्याची मला फार लाज वाटते.

परवा जेवताना मी तिला सगळं सांगितलं. ती भांडली नाही. ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "म्हणजे पोरीचं काहीच चुकलं नव्हतं." काल दुपारी स्वतः जाऊन तिने विमानाचं तिकीट काढून आणलं, वीस तारखेचं, त्याच नऊ दहाच्या विमानाचं. एकच तिकीट. मी बॅग काढायला उठलो तर म्हणाली, तुम्ही बसा घरी, साडेतीन तासांचा तर प्रवास, जाईन मी एकटी. तर ठमे, तू बारा चाळीसला विमानतळाच्या दाराशी उभी राहा. चौदा तास बसून तिचे पाय सुजलेले असतील, पण ती ते कबूल करायची नाही.

तुझाच,
वजाबाकीत कच्चा बाबा